जुना कोबाल्ट गेला, पण त्याची नोंद पुढं कोण वाचणार?

कृष्णाकाठची

मंगळवारी पहाटे आमच्या रुग्णालयातल्या, कर्करोगावर किरणं देणाऱ्या मशीनमधला जुना कोबाल्टचा स्रोत मुंबईला गेला. जाड फ्लास्कमध्ये बंद, ट्रकला किरणोत्सर्गाची, तीन पात्यांच्या खुणेची पिवळी पाटी, ड्रायव्हरकडं आणीबाणीच्या सूचनांचं कार्ड. मी किरणोत्सर्ग मोजायचा मीटर घेऊन फ्लास्कभोवती फिरले. अगदी लगतचे आणि एक मीटर अंतरावरचे आकडे लिहिले, सही केली आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभी राहिले. त्या मशीनवर चौदा वर्षं काम केलंय. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून येणाऱ्या बायका त्याला ‘लाईट’ म्हणायच्या. ‘मॅडम, आज कितवी लाईट?’ असं विचारत आत यायच्या.

मी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. असं पद असतं हे आमच्या इमारतीतल्याही पुष्कळांना माहीत नाही. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास. तेवढ्या काळात स्रोत निम्मा होतो, उपचाराला वेळ जास्त लागायला लागतो आणि मग तो बदलावा लागतो. पण उपचाराला कमजोर पडलेला स्रोत उघडा पडला तर माणूस मारायला पुरेसा असतो. म्हणून तो मोडीत काढायचा तर आधी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, तीही ई-लोरा या ऑनलाईन प्रणालीतून. मग स्रोत पुरवठादाराकडं किंवा ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडं परत, तिथून पोच, आणि पोच आली की फाईल बंद. कागदावर साखळी चांगली आहे. आमच्याकडं ती पुरी व्हायला तीन वर्षं लागली. पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, यावरच पहिलं वर्षभर गेलं.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. खोली रिकामी करताना कपाटात एक जुनं रजिस्टर सापडलं. माझ्या आधीच्या आधीच्या अधिकाऱ्याच्या अक्षरातलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वी सीझियम-१३७ च्या बारीक नळ्या वापरत, त्यांचा हिशेब होता. प्रत्येक नळीचा क्रमांक, आली कधी, तिची शक्ती किती. शेवटच्या पानावर एकच ओळ, ‘सर्व परत पाठवल्या.’ पोच नाही, तारीख नाही, गाडीचा क्रमांक नाही.

अकरा दिवस मला झोप लागली नाही. मीटर घेऊन तळघर, जुनं भांडारघर, भंगाराची खोली सगळं पालथं घातलं. काहीच लागलं नाही. पण काही न लागणं म्हणजे परत गेल्याचा पुरावा नव्हे. शेवटी त्या काळचे एक निवृत्त तंत्रज्ञ तासगावला राहतात असं कळलं. गेले. काकांनी ट्रंक उघडली आणि पिवळी पडलेली पोच माझ्या हातात ठेवली. सगळ्या नळ्यांचे क्रमांक जुळले. ‘कुणीतरी विचारायला येईल म्हणून ठेवली होती’, म्हणाले. मला रडू आलं.

ती ट्रंक त्यांच्या मुलांनी रद्दीत घातली असती तर?

सीझियमचं अर्धायुष्य तीस वर्षं. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ साली असंच झालं होतं. स्थलांतरित झालेल्या एका दवाखान्याच्या जुन्या इमारतीत सीझियमचं मशीन तसंच राहिलं, भंगार वेचणाऱ्यांनी ते फोडलं, निळसर चमकणारी भुकटी घरोघर वाटली गेली. चार माणसं गेली, २४९ जणांच्या अंगावर-अंगात ते सापडलं. भुकटी होती सुमारे ९३ ग्रॅम, आणि ती साफ करताना घरं, माती, सामान मिळून जमा झालेला कचरा सुमारे ३,५०० घनमीटर.

आपल्याकडं २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात तेच. दिल्ली विद्यापीठानं १९६८ साली घेतलेलं, १९८५ पासून न वापरलेलं यंत्र लिलावात विकलं गेलं. आत कोबाल्ट होता. एकाचा जीव गेला, बाकीचे भाजले. त्या यंत्रात काय आहे हे एके काळी तिथं कुणाला तरी माहीत होतंच ना? ती माहिती पंचवीस वर्षंसुद्धा टिकली नाही.

सरकारचं लक्ष आहे का, असं कुणी विचारलं तर मी ‘आहे’ म्हणेन, कारण मला किती किरणोत्सर्ग लागला हे नोंदवणारा माझ्या छातीवरचा बॅज दर तिमाहीला तपासायला जातो आणि तपासणीला माणसं येतात. पण त्या लक्षाची मुदत किती? या मंचावरच्या लोकांना काय वाटतं ते ऐकायचंय.

कुपवाडकर

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचं फौंड्रीचं काम, कुपवाड एमआयडीसीत. भंगार वितळवणं हाच धंदा. २००८ मध्ये फ्रान्सला लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडला, पोलाद भारतातून गेलेलं. ते प्रकरण आमच्यासारख्यांना अजून भोवतंय. परदेशी गिऱ्हाईक प्रत्येक कंटेनरला किरणोत्सर्ग तपासल्याचा दाखला मागतो.

गेटवर हातातला मीटर आहे. दोन वर्षांमागं एका गाडीला तो टिकटिकायला लागला. सगळी पोरं लांब पळाली. भंगारात काहीच नव्हतं, त्याच गाडीत झिरकॉन वाळूची पोती होती! ही वाळू साच्याला लागते, आणि तिच्यात युरेनियम-थोरियम निसर्गतःच थोडं असतं. ते कळेपर्यंत चार तास गेले. कुणाला फोन करायचा तेच माहीत नव्हतं. पोलिसांना केला तर ते म्हणाले अग्निशमनला करा, अग्निशमनवाले म्हणाले प्रदूषण मंडळाला करा.

कृष्णाकाठची

दादा, गाडी थांबवून माणसं लांब नेली हे अगदी बरोबर केलंत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं म्हणाल तर इथं एक गाठ आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आणि घातक कचऱ्याच्या नियमांतही किरणोत्सारी कचरा स्पष्टपणे बाहेर ठेवलाय. त्याला अणुऊर्जा कायद्याखालचे १९८७ चे स्वतंत्र नियम लागू. त्यामुळं सांगलीतल्या ज्या कार्यालयात आपण धूर, सांडपाणी, साखर कारखान्याची मळी यांची तक्रार घेऊन जातो, तिथं या विषयाचा अधिकारच नाही. अधिकार अणुशक्तीनगरला. प्रादेशिक कार्यालयं आहेत, पण जिल्ह्यात दार ठोठवावं असं कुणी नाही.

शेंद्रे_फाटा

चर्चा चांगली आहे, पण एक सांगू का ताई, असलं जाहीर लिहिलं की लोक घाबरतात. माझ्या सासूबाईंना थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली होती. शेजाऱ्यांना कळलं तर त्यांनी आमच्या दारावरून जाणंसुद्धा सोडलं. साताऱ्यासारख्या गावात ही गत. तज्ज्ञ करताहेत काम, करू द्यावं.

कृष्णाकाठची

सासूबाईंना झालेला त्रास मला कळतो. अशा बायका माझ्यासमोर रडलेल्या आहेत. पण शेजारी घाबरले ते माहिती मिळाली म्हणून की अर्धवट मिळाली म्हणून? आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. म्हणूनच रुग्णाच्या खोलीतलं सांडपाणी थेट गटारात सोडत नाहीत, वेगळ्या टाक्यांमध्ये साठवून निवू देतात, मोजतात आणि मर्यादेखाली आलं की मगच सोडतात. दहा अर्धायुष्यं म्हणजे ऐंशी दिवस, तोवर हजारावा हिस्साही उरत नाही. हे कुणी मराठीत दोन ओळींत सांगितलं असतं तर तुमच्या दारावरून माणसं गेली असती.

आणि तज्ज्ञांवरच्या विश्वासाबद्दल. मी स्वतः त्याच व्यवस्थेतली. तरी सांगते, २०१२ साली नियामक मंडळाच्या कामाची तपासणी करणारा कॅगचा अहवाल आला, तो मी नोकरीत असताना वाचला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ मंडळाकडं नोंदलेलीच नव्हती. वापरून झालेल्या स्रोतांची विल्हेवाट खरोखर लागली का, हे पडताळायची नीट यंत्रणा नाही, असंही त्यात म्हटलंय. राज्याराज्यांत किरणोत्सर्ग सुरक्षेचं संचालनालय काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं होतं. २०१२ पर्यंत ते फक्त केरळ आणि मिझोरममध्ये झालं होतं. आपल्या राज्याचं नाव त्यात नव्हतं, याचं मला वाईट वाटलं होतं.

त्यानंतर नोंदणीचं काम ऑनलाईन आलं आणि पुष्कळ सुधारलं, हे रोजच्या अनुभवावरून सांगते.

हळदवाला

माझा एक साधा प्रश्न. आमची हळद निर्यातीला जाताना वाशीच्या प्लँटमध्ये किरणं मारून घेतात. मग ती हळद किरणोत्सारी होते का? गिऱ्हाईक विचारतं तेव्हा उत्तर देता येत नाही.

कृष्णाकाठची

नाही होत. गॅमा किरणं हळदीतून जातात, जंतू-कीड मारतात आणि संपतात. उन्हात वाळवलेल्या हळदीत ऊन साठून राहत नाही, तसंच. स्रोत पेन्सिलीसारख्या बंद नळ्यांत असतो, त्याचा मालाला स्पर्शही होत नाही. त्या नळ्या जुन्या झाल्या की त्यांचं काय होतं, हा प्रश्न मात्र आपल्या धाग्याचाच आहे.

पाटणकर

आमच्याकडं कोयना खोऱ्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. २०१७ मध्ये काम झालं. गावात एकानं उठवलं की अणुकचरा पुरायला पाडलंय, आणि अजून काही म्हातारी माणसं तेच धरून बसलीत. खरं काय?

कृष्णाकाठची

ते भूकंपाच्या अभ्यासासाठी आहे. कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची. कोयनेच्या परिसरात जमीन का हलते हे खडकाच्या आतून मोजायचं, हा हेतू. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्या घरातल्यांनी भोगला असेल. जिथं जमीन अशी हलते तिथं कचरा पुरायचा नसतो, हा जागा निवडीतला अगदी पहिला निकष.

पण म्हाताऱ्यांना दोष देऊ नका. त्यांना कुणी तिथं नेऊन दाखवलं होतं का, हा प्रश्न विचारा.

मोडीवाचक, सातारा

मी जुन्या जमिनींची मोडी कागदपत्रं वाचून देतो. भाऊबंदकीचे दावे, वतनाचे कागद, वाटण्या. या धाग्यावर माझं काय काम असं वाटलं होतं, पण पहिली पोस्ट दोनदा वाचली आणि राहवलं नाही.

मला हे सांगा ताई, तारापूरच्या अणुकेंद्रासारख्या ठिकाणी जो कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा जमिनीत ठेवतात, त्याची राखण किती वर्षं करायची असते?

कृष्णाकाठची

काका, चांगला प्रश्न. असा कचरा सिमेंटमध्ये घट्ट करून काँक्रीटच्या चरांत किंवा ‘टाईल होल’ म्हणतात त्या पोलादी अस्तराच्या खोल नळांत ठेवतात. भोवती निरीक्षणाच्या विहिरी असतात, त्यांचं पाणी ठरावीक काळानं तपासतात. प्रत्येक अणुकेंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. केंद्र सुरू व्हायच्या आधीपासून ती माती, पाणी, दूध, मासे, भाजीपाला मोजत असते, म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय झालं याची तुलना करता येते. ३० किलोमीटरपर्यंतचे नमुने घेतात. सामान्य माणसाला अशा कामांतून वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा (हे अंगाला लागलेल्या किरणोत्सर्गाचं माप) जास्त मात्रा मिळता कामा नये, ही मर्यादा. निसर्गातून जगात सरासरी २.४ मिळतच असते.

आणि राखण, साधारण ३०० वर्षं. सीझियम आणि स्ट्रॉन्शियमची तीस-तीस वर्षांची दहा अर्धायुष्यं.

मोडीवाचक, सातारा

३०० वर्षं. म्हणजे इथं साताऱ्यात थोरले शाहू महाराज गादीवर होते तेव्हापासून आजपर्यंत.

तेव्हाचे कागद माझ्या टेबलावर येतात. कागद उत्तम, शाई अजून काळीभोर. ज्यांच्या घरात ते तीनशे वर्षं जपले गेले त्यांना त्यातलं एक अक्षर लागत नाही. मोडी सरकारी कामातून १९५० च्या आसपास गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचं अक्षर नातवाला परकं झालं. परवा एक गृहस्थ देवघरात पूजलेला कागद घेऊन आले. पूर्वजांची सनद असेल अशी त्यांची समजूत. वाचला तर कर्जरोखा निघाला. नोंद जपणं आणि नोंद वाचता येणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, आणि दुसरं काम कुणी पगारावर ठेवत नाही.

आणखी एक. शिलाहार-यादवांच्या काळात दान दिलेल्या जमिनीवर गधेगळ नावाचा कोरीव दगड उभा करत. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये लेख, खाली शापाचं चित्र. अर्थ असा की चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान मोडू नका, मोडाल तर तुमची अशी विटंबना होईल. यापेक्षा कडक धोक्याची पाटी माणसाला सुचली नसेल. आमच्या नातेवाइकांच्या गावी, कोकणात, तो दगड मी गोठ्याच्या पायरीला लावलेला पाहिलाय. एका ठिकाणी शेंदूर लावून त्याला देव केलाय. चित्र सगळ्यांना दिसतं, इशारा कुणालाच कळत नाही.

तुमच्या पिवळ्या पाटीवरची तीन पाती तीनशे वर्षांनी कुणी काय म्हणून वाचेल, हे मला सांगता येत नाही. दाराला तोरण बांधल्यासारखी सुंदर दिसतात ती.

कृष्णाकाठची

काका, तुमची पोस्ट मी तीन वेळा वाचली. गधेगळाचं उदाहरण आमच्या एकाही प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं.

३०० वर्षांत भागतं ते कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याचं. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आपण पुनर्प्रक्रियेला घेतो आणि त्यातून उरणारा अतितीव्र कचरा बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतो. तारापूर, मुंबईतलं तुर्भे, कल्पाक्कम इथं हे काम होतं. ते डबे आधी काही दशकं थंड करत, नजरेखाली ठेवायचे आणि मग खोल खडकात नेऊन ठेवायचे, अशी योजना. खोल खडकातलं असं भांडार आपल्या देशात अजून बांधलेलं नाही. फिनलंडनं ‘ओन्कालो’ नावाचं भांडार जमिनीखाली चारशे मीटरहून खोल बांधलंय. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्यच २४,००० वर्षांचं. तिथं मोडी काय नि देवनागरी काय.

गावभाग

मी सांगलीचा, गावभागात जन्म गेला. पावसाळ्यात आमच्याकडं नमस्काराऐवजी ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा माझ्या आईनं आकडा ऐकूनच ठरवलं की आता वरच्या मजल्यावर नव्हे, नातेवाइकांकडं जायचं. तिला जलशास्त्र येत नाही. तिला तो आकडा वर्षानुवर्षं ऐकून ‘कळतो’.

मला वाटतं मोडीवाचककाकांच्या प्रश्नाचं निदान एक उत्तर आमच्या पुलावर आहे. आकडा रोज, सगळ्यांसमोर, आपल्या भाषेत. किरणोत्सर्गाचे आकडे तसे का नसावेत? तारापूरच्या मच्छीमाराला त्याच्या माशाचा आकडा मराठीत मिळतो का?

कृष्णाकाठची

२०१९ ची आठवण काढलीत. त्या आठवड्यात पाणी आमच्या फाटकाला लागलं होतं. कोबाल्ट दुहेरी पोलादी कुपीत आणि भोवती शिसं, पुराच्या पाण्यानं त्याला काही होत नाही, हे मला शास्त्र म्हणून ठाऊक होतं. तरी रात्रभर खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दर तासाला आकडा लिहीत होते. सगळे आकडे नेहमीचेच होते, पण ते पान माझ्याकडं अजून आहे.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुठला स्रोत कुठल्या इमारतीत आहे ही यादी जाहीर करता येत नाही, चोरीचा धोका असतो. पण बाहेरच्या भिंतीवरचा किरणोत्सर्ग किती, शेवटची तपासणी कधी झाली, सगळे स्रोत मोजून जुळले का, टाक्यांतलं पाणी सोडताना आकडा किती होता, हे सांगण्यात कसला धोका? आणि जो अणुकेंद्रं चालवतो त्याच्याच वरिष्ठांना नियामकानं उत्तर द्यायचं, ही रचना वर्षानुवर्षं होती. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक आलं, त्यांनीही नियामकाचं स्वातंत्र्य कायद्यात आणा म्हणून सुचवलं. डिसेंबर २०२५ च्या नव्या अणुऊर्जा कायद्यानं मंडळाला वैधानिक दर्जा दिलाय. त्याच कायद्यानं खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलंय. कंपनी तीस वर्षांत बंद पडू शकते, विकली जाऊ शकते. तिचं रजिस्टर कुणाकडं जाईल, याची मला काळजी लागलीय.

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. स्रोतांचं सगळं रजिस्टर, १९९० च्या दशकापासूनचं, मराठीत नव्यानं लिहून काढतेय. एक प्रत रुग्णालयात, एक नियामकाला. तासगावच्या काकांना दर रविवारी जुन्या नोंदी वाचून दाखवते. त्यांना अजून आठवतंय तोवर लिहून घ्यायचंय. कुठली नळी कुणी उचलली, कुठल्या कपाटाची किल्ली कुणाकडं असायची, असलं जे रजिस्टरात कधीच येत नाही ते.

मोडीवाचक, सातारा

लिहिताना कागद आम्लरहित घ्या. बॉलपेन नको, त्याची शाई फुटते. पुण्यात चांगला कागद मिळतो, हवा तर पाठवून देतो. आणि पहिल्या पानावर प्रत्येक खुणेचा अर्थ सविस्तर लिहा. तुम्हाला उघड वाटतं तेच आधी विसरलं जातं.

कुपवाडकर

ताई, मालकांशी बोललो. गेटवर मराठीत फलक लावायला तयार आहेत. मीटर वाजला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. मजकूर तुम्ही तपासून द्याल का?

कृष्णाकाठची

नक्की देते. आधी एक करा. मीटरच्या मागं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का ते तपासल्याचं, स्टिकर असतं. त्याच्यावर पुढची तारीख काय आहे ते बघून सांगा.

कुपवाडकर

आत्ता जाऊन बघितलं. तारीख उलटून चौदा महिने झालेत. आम्ही रोज सकाळी त्याच मीटरनं गाड्या सोडतोय. उद्या पहिल्या गाडीनं पाठवतो. तोवर भंगार आत घेत नाही म्हणून सांगितलंय.